न ऐकलेल्याची गवाही

आम्ही एका कागदावर साक्षीदार म्हणून सही केली आणि ती सही खोटी होती. हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे जो विचार मांडला आहे तो कोणत्या खड्ड्यातून वर आला, ते वाचकांना ठाऊक असावे.

वैरागमध्ये आमच्या मोहल्ल्यात एक चाचा राहतात. रक्ताचे नाते नाही, पण आम्ही चालायला लागलो तेव्हापासून ते चाचाच आहेत. वय साठीच्या आत, साखरेचा आजार बारा वर्षांचा. त्यांचे थोरले भाऊ याच साखरेने मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. शेवटची दोन वर्षे आठवड्यातून दोनदा पहाटेची एसटी धरून सोलापूर, चार तास यंत्राला जोडलेले आणि रात्री परत. प्रत्येक खेपेला सोबत चाचा. त्यामुळे एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात चाचांच्या लघवीत प्रथिन सापडले आणि ‘एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे, तुमचे नाव घालू का,’ असे विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी विचार करायला वेळ मागितला नाही. ‘हो’ म्हणूनच ते घरी आले. सोबत अठरा पानांचा कागद होता.

कागद मराठीत होता. चाचांना मराठी बोलता येते, बाजारहाट सगळा मराठीतच होतो, पण अक्षरओळख उर्दूची. मशिदीत येणारे उर्दू वर्तमानपत्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्या अठरा पानांपुढे मात्र ते निरक्षर ठरले. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्यासाठी शेवटच्या पानावर ‘निःपक्षपाती साक्षीदार’ अशी एक जागा असते. रुग्णाला सगळे समजावून सांगताना जो पूर्ण वेळ हजर होता, ज्याने ते ऐकले आणि रुग्णाने राजीखुशीने होकार दिल्याचे पाहिले, त्याने तिथे सही करायची. रुग्णालयातल्या कुणीतरी चाचांना सांगितले होते, ‘गावातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाची सही घेऊन या.’

शिकलेला माणूस म्हणजे आम्ही. उर्दू शाळेत शिकवतो, बी.एड. झालो आहोत. मोहल्ल्यातले रेशनचे, शिष्यवृत्तीचे, बँकेचे सगळे अर्ज आमच्याच ओट्यावर भरले जातात. त्या दिवशी परीक्षेचे पेपर तपासायचे होते. चाचा म्हणाले, “मास्टर, जरा पढ के बोलो, क्या लिख्या है.” आम्ही चार पाने चाळली. ‘मूत्रपिंडाचा आजार हळू करणारे औषध’, ‘सर्व तपासण्या मोफत’, ‘प्रवासखर्च दिला जाईल’ एवढे डोळ्यांत भरले. म्हणालो, “चाचा, अच्छाच है. करो दस्तखत.” त्यांनी उर्दूत सही केली, खाली आम्ही मराठीत. रुग्णालयातल्या संभाषणाला आम्ही हजर नव्हतो. एक शब्द ऐकला नव्हता. तरी ‘मी पूर्ण वेळ हजर होतो’ या ओळीखाली आमचे नाव, हुद्दा आणि तारीख.

तीन महिन्यांनी चाचा पुन्हा ओट्यावर आले. चेहरा उतरलेला. रुग्णालयाच्या रांगेत दुसऱ्या एका रुग्णाने त्यांना सांगितले होते की, यातल्या निम्म्या लोकांना खरी गोळी मिळते आणि निम्म्यांना नुसती पिठाची. “मास्टर, मेरेकू खाली गोली मिली तो? और ये कौन ठैराता?”

आम्ही गप्प बसलो. त्या रात्री ती अठरा पाने पहिल्यांदा वाचली. त्यानंतर कित्येक दिवस जमेल तिथून माहिती गोळा केली, बार्शीच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना गाठून विचारत राहिलो. हा लेख म्हणजे चाचांच्या त्या दोन प्रश्नांचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी आजाराबद्दल. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मूत्रपिंडातली गाळणी सैल होते आणि रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत झिरपू लागते. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे आजाराची सुरुवात. त्यापुढे आजार मुरलेला. सुरुवातीच्या या टप्प्यावर माणसाला काहीही होत नाही. सूज नाही, दुखणे नाही, लघवीला त्रास नाही. आपल्याकडे जी रक्तातली क्रिएटिनिनची तपासणी सर्रास होते, ती मूत्रपिंडाचे बरेचसे काम बुडाल्यावरच बोलू लागते. म्हणून साखर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन मोजून घ्यावे. थोडक्या खर्चाची तपासणी आहे आणि आपल्या मोहल्ल्यांत ती जवळजवळ कुणी करत नाही. विषय सोडून सांगतो आहोत, पण सांगायला हवे.

आता अशा आजारावरच्या औषधाचा गुण कळणार कसा? डोकेदुखीची गोळी घेतली तर तासाभरात कळते. इथे रोग्याला रोगही जाणवत नाही आणि गुणही जाणवत नाही. एक जुना दाखला घ्या. २००१ साली इर्बेसार्टन या रक्तदाबाच्या गोळीची चाचणी प्रसिद्ध झाली. साखर, रक्तदाब आणि लघवीत थोडे अल्ब्युमिन असलेले ५९० रुग्ण, म्हणजे नेमके चाचांसारखे. त्यांचे तीन गट केले. २०१ जणांना औषध नसलेली गोळी, १९५ जणांना दिवसाला १५० मिलिग्रॅम आणि १९४ जणांना ३०० मिलिग्रॅम. रक्तदाबाची दुसरी औषधे गरजेप्रमाणे सगळ्यांना चालू होती. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या ३० जणांचा आजार पुढच्या टप्प्यावर गेला होता, दुसऱ्या गटातल्या १९ जणांचा आणि तिसऱ्या गटातल्या १० जणांचा.

या आकड्यांकडे आम्ही बराच वेळ पाहत बसलो. खाली गोळी घेणाऱ्या २०१ पैकी १७१ जणांचे त्या दोन वर्षांत काही बिघडले नाही. पुरी मात्रा घेणाऱ्यांपैकी १० जणांचे बिघडलेच. मग औषधाने वाचला तो कोण? शंभरातले दहा जण वाचले हे खरे, पण ते दहा कोण हे कुणीच बोट दाखवून सांगू शकत नाही. ज्याचे मूत्रपिंड वाचले त्यालाही ते कळत नाही. मोजणीत फायदा स्पष्ट आहे आणि माणसांत तो गैबात आहे. म्हणूनच एकट्या हकिमाचा ‘माझ्या हाताला यश आहे’ हा अनुभव इथे कामाचा नाही. पुष्कळ माणसे लागतात आणि त्यांच्याशी ताडून पाहायला औषध न मिळालेली पुष्कळ माणसे लागतात.

ही रीत पाश्चात्त्यांची म्हणून नाक मुरडणारे आपल्यात आहेत, म्हणून सांगतो. अबू बक्र राझींनी सरसामच्या, म्हणजे मेंदूज्वराच्या, रोग्यांपैकी काहींचे रक्त काढले आणि काहींचे जाणूनबुजून काढले नाही, हेतू हा की तुलना व्हावी. इब्ने सीनांनी ‘अल-कानून’मध्ये औषध पारखण्याचे नियम घालून दिले. परिणाम एकदा दिसून चालत नाही, तो सातत्याने किंवा पुष्कळ जणांत दिसला पाहिजे, आणि परीक्षा माणसाच्याच शरीरावर झाली पाहिजे, सिंहावर किंवा घोड्यावर केलेली परीक्षा माणसाबद्दल काही सिद्ध करीलच असे नाही. हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आपल्या जलशांत या हकिमांची नावे मोठ्या अभिमानाने घेतली जातात. त्यांच्या नियमाप्रमाणे आपला चाचा तुलनेच्या गटात बसला की मात्र आपला थरकाप होतो.

थरकाप चुकीचा नाही. आम्हालाही एक आठवण टोचू लागली. बी.एड.ला कृतिसंशोधन होते. एका वर्गाला तक्ते दाखवून भूमिती शिकवायची, दुसऱ्याला नुसत्या तोंडी. एक प्रायोगिक गट, दुसरा नियंत्रित. शेवटी गुणांची तुलना. नियंत्रित गटातली मुलेही आमचीच मुले होती. त्यांना तक्ते का दाखवले नाहीत, असे तेव्हा कुणी विचारले नाही, आम्हीही नाही. दोन आठवड्यांचा भूमितीचा धडा आणि माणसाचे मूत्रपिंड यांत फरक आहे, पण प्रश्नाची जात एकच. एकाच्या शिकण्यासाठी दुसऱ्याला कमी देण्याचा हक्क कुणाला कुणी दिला?

चाचांचा दुसरा प्रश्न होता, हे ठरवते कोण. कागदात उत्तर होते. कुणीच ठरवत नाही. यंत्रातून चिठ्ठी निघते. डॉक्टरांनाही कळत नाही, रुग्णालाही नाही. आपल्या भाषेत, कुर्आ. हा शब्द चाचांना नवा नाही. जहाजावर हजरत यूनुस यांच्या नावाची चिठ्ठी निघाली तो किस्सा त्यांना पाठ आहे. हजरत मरियम यांचा सांभाळ कुणी करायचा, यासाठी कलमे टाकली गेली, तेही कुरआनात आहे. प्रवासात कोणत्या पत्नीने सोबत यावे हे पैगंबर (स.) चिठ्ठी टाकून ठरवीत. जुगार हराम आहे आणि कुर्आ नाही, हा भेद आपण मदरशात ऐकलेला असतो, पण तो कशावर उभा आहे हे क्वचित विचारतो. आम्हाला तो असा दिसतो. सगळ्यांचा दावा सारखा असेल आणि कुणाला झुकते माप द्यायला कोणतेही कारण हाती नसेल, तेव्हाच चिठ्ठी न्याय्य. हक्क कुणाचा हे आधीच स्पष्ट असताना चिठ्ठी टाकणे म्हणजे हक्कदाराचा हक्क उधळणे. हनफी फकीहांनी तर कुर्आने हक्क सिद्ध होतो असे मानायलाच हात आखडता घेतला. वाटणी झाल्यावर कुणाचे मन दुखू नये म्हणून चिठ्ठी चालेल, असे त्यांचे म्हणणे.

तेव्हा प्रश्न असा होतो की, चिठ्ठी टाकणाऱ्या डॉक्टरांना खरोखरच ठाऊक नसते का? की ठाऊक असून चिठ्ठीचे सोंग चालते?

इथे आमचा मोठा गैरसमज दूर झाला. आम्ही धरून चाललो होतो की खरी गोळी म्हणजे नशीब आणि खाली गोळी म्हणजे दुर्दैव. अॅलोप्युरिनॉल ही गाउटवरची जुनी, स्वस्त गोळी. ती रक्तातले युरिक अॅसिड उतरवते. मधुमेहात मूत्रपिंडाच्या सुरुवातीच्या आजारात तिचा उपयोग होईल अशी मोठी आशा होती, लहान अभ्यासांतून तसे दिसतही होते. मग अमेरिका, कॅनडा आणि डेन्मार्कमधल्या ५३० रुग्णांवर तीन वर्षे चाचणी झाली. २०२० साली निकाल आला. युरिक अॅसिड उतरले, पण मूत्रपिंडांची घसरण दोन्ही गटांत सारखीच. दुसरे उदाहरण याहून बोलके. बार्डोक्सोलोन नावाच्या औषधाने मूत्रपिंडाचे आकडे सुधारतात असे दिसले होते. मधुमेहाने मूत्रपिंडे बरीच खालावलेल्या २,१८५ रुग्णांवर त्याची मोठी चाचणी सुरू झाली आणि २०१२ साली ती अर्ध्यात बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढले. त्या चाचणीत नशीबवान होते ते खाली गोळी मिळालेले.

याच्या उलट दाखलाही आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली एक द्रव्य काढले गेले होते. त्याच्या धाग्यावरून आजची ग्लिफ्लोझिन जातीची औषधे आली. त्यांतल्या डापाग्लिफ्लोझिनची चाचणी भारतासह २१ देशांतल्या ४,३०४ मूत्रपिंड रुग्णांवर झाली, त्यांतले दोन-तृतीयांश मधुमेही. रक्तदाबाची प्रस्थापित औषधे जवळजवळ सगळ्यांना चालूच होती. मार्च २०२० मध्ये आकड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने सांगितले, आता थांबा, फायदा उघड झाला आहे. खाली गोळीवाल्यांत शंभरी साडेचौदा जणांचे बिघडले होते, औषधवाल्यांत सव्वानऊ. चाचणी मुदतीआधी थांबली. आम्हाला या हकिकतीत औषधापेक्षा ते थांबणे मोलाचे वाटते. जोवर ठाऊक नव्हते तोवर चिठ्ठी न्याय्य होती. ठाऊक झाले त्या दिवसापासून तीच चिठ्ठी जुल्म ठरली असती. अमेरिकेत टस्कीगी येथे काळ्या लोकांवर असाच जुल्म झाला. सिफिलिसवर पेनिसिलिन लागू पडते हे ठाऊक झाल्यावरही कित्येक वर्षे त्यांना ते दिले नाही, फक्त आजार कसा वाढतो ते पाहत राहिले. १९७२ साली बभ्रा झाला तेव्हा ते थांबले.

हे सगळे दूरचे. आता आपल्या दारातले.

वैरागपासून बार्शी जवळ. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल या भागात कुणाला सांगायला नको. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथेच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगाव फिरून माणसांनी नोंदी घेतल्या. याच रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा मेमोरियलने आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक चाचणी सुरू केली. विषय औषधाचा नव्हता, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा होता. पण प्रश्न चाचांचाच. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठीने चार गटांत वाटले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या पद्धतींची तपासणी. चौथ्या गटाला तपासणी नाही. आजाराची माहिती आणि तपासणी कुठे होते ते सांगितले, बाकी जे नेहमी मिळते तेच. नेहमी मिळत होते ते म्हणजे काहीच नाही.

निकाल २००९ साली आला. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी आठ वर्षांत ३४ जणी त्या कर्करोगाने गेल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगात पहिल्यांदा आपल्या शेजारच्या बायाबापड्यांनी सिद्ध करून दिले. आज जगभर या तपासणीची शिफारस होते, त्यामागे ही गावे आहेत. आणि तो चौथा गटही आहे. त्या जिल्ह्यात आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी लेकी दिल्या आहेत.

या चाचणीवर पुढे खूप वाद झाला. टीकाकार म्हणाले, श्रीमंत देशांत तपासणीने हा कर्करोग आटोक्यात येतो हे कित्येक दशके ठाऊक होते, मग एका गटाला तपासणीविना का ठेवले? बाजू मांडणारे म्हणाले, ठाऊक होते ते तिकडच्या दवाखान्यांतले. इथे ना प्रयोगशाळा, ना तज्ज्ञ, ना सरकारी तपासणी. इथल्या परिस्थितीत कोणती पद्धत चालेल हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि तुलना इथल्या परिस्थितीशीच व्हायला हवी. चौथ्या गटाकडून काही काढून घेतलेले नव्हते.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरी आमचे मन पहिल्याकडे झुकते, आणि का ते सांगतो. न कळणे वेगळे आणि न मिळणे वेगळे. अॅलोप्युरिनॉलच्या वेळी जगातल्या कुणालाच ठाऊक नव्हते. ते अज्ञान सगळ्यांचे सारखे होते, अमेरिकेतल्या प्राध्यापकाचे आणि आमच्या चाचांचे. तिथे चिठ्ठीला जागा आहे. पण एखादी गोष्ट गावात पोचलीच नाही, तर ते अज्ञान नसते, तो अभाव असतो. कुणीतरी न दिल्यामुळे आलेला. अभावाला निसर्गाचा नियम समजून त्यावर चिठ्ठी टाकली की गरिबी हेच शास्त्राचे साधन होऊन बसते. उस्मानाबादच्या चाचणीत दोन्ही गोष्टी मिसळल्या होत्या, म्हणून ती करणाऱ्यांना आम्ही अपराधी म्हणणार नाही. त्यांनी गावोगाव पायपीट केली, पुष्कळ बायका वाचवल्या, आणि त्यांच्याआधी त्या गावांकडे कुणी फिरकलेही नव्हते. पण त्या ६४ जणींचे ऋण कुणी फेडायचे, हा प्रश्न निकाल छापून आल्यावर संपत नाही. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ सालचा. पुढे त्यात पुन्हा पुन्हा दुरुस्त्या झाल्या, अगदी २०२४ पर्यंत. काही अपवाद सोडता नव्या औषधाची तुलना ज्ञात असलेल्या उत्तम उपचाराशीच करावी, असे तो म्हणतो. वादाची सगळी धग त्या अपवादांत आहे.

म्हणजे चाचांना उत्तर द्यायचे तर एकच गोष्ट शोधायची होती. खाली गोळी मिळणाऱ्याला बाकीची ज्ञात औषधे मिळतात की नाही? कागदाच्या नवव्या पानावर ते होते. दोन्ही गटांना रक्तदाबाची आणि ग्लिफ्लोझिन जातीची गोळी चालू राहील, चाचणीची गोळी त्यांच्यावर वाढीव. म्हणजे चाचांची भीती निम्मी तरी अनाठायी होती. खाली गोळी म्हणजे बिनइलाज नव्हे. त्याच पानावर आणखी एक ओळ होती. अंगातले पाणी कमी होईल अशा वेळी, उदाहरणार्थ उपवासात, डॉक्टरांना आधी कळवावे. आमच्या सहीनंतर रमजान येऊन गेला होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात चाचांनी तीसही रोजे धरले होते, कुणालाही न सांगता. त्यांना काही झाले नाही. अल्लाहची मेहेरबानी. आमच्या सहीचा त्यात काही वाटा नव्हता.

त्या रात्री खरी झोप उडाली ती इथे. औषधाची चाचणी न्याय्य असू शकते, चिठ्ठी न्याय्य असू शकते, समिती जागरूक असू शकते. पण या सगळ्या इमारतीचा एक खांब आमच्या ओट्यावर होता आणि तो पोकळ होता. माणसाच्या शरीरावर प्रयोग करायचा तर त्याची स्वतःची रजामंदी हवी, हा नियम १९४७ साली न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या कृत्यांनंतर लिहिला गेला. न कळता दिलेली रजामंदी ही रजामंदी नव्हे. चाचांना तर वाटत होते की आपण नियमाने पथ्य पाळणारे रुग्ण, म्हणून डॉक्टरांनी खूश होऊन नवी गोळी दिली.

आमच्या पेशाला हा डाग नवा नाही. २००९ साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे हजारो शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस एका प्रकल्पात टोचली गेली. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. मुलींचे काही मृत्यू झाले होते, त्यांचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत म्हटले गेले. लसीबद्दल इथे आमचे काही म्हणणे नाही, ती चांगलीच आहे. पण चौकशीत आणि पुढे २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात जे बाहेर आले ते असे की, आंध्रात आईबापांच्या जागी कितीतरी संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. त्यांतले बहुतेक वाईट लोक नसावेत. त्यांनाही पेपर तपासायचे असतील. मुलींचे भलेच होईल असे त्यांना वाटले असेल. अगदी आम्हाला वाटले तसे.

आपल्याकडे गवाहीला केवढे वजन आहे! कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजाबद्दल नाही, रोजाबद्दल नाही. ती उधारीचा कागद कसा लिहावा आणि साक्षीदार कसे असावेत याबद्दल आहे. ज्याला स्वतः मजकूर सांगता येत नाही त्याच्या वतीने कुणी कसे बोलावे, तेही तिच्यात आहे. मोठ्या गुनाहांची गणना करताना टेकून बसलेले पैगंबर (स.) खोट्या गवाहीपाशी आले तेव्हा सरळ होऊन बसले, ही हदीस आम्ही स्वतः वर्गात सांगितली आहे. मुलांना ती सांगताना आमच्या डोळ्यांसमोर कोर्टातला एखादा लाचखाऊ साक्षीदार असायचा. ओट्यावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून, भल्यासाठी केलेली सही कधी आली नाही.

आम्ही चाचांकडे गेलो आणि सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, “अब क्या करना?” आम्ही म्हणालो, नाव काढून घेता येते, केव्हाही, कारण न देता. पाचव्या पानावर आहे. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पैले सुनके तो देखूं, मैं क्या बोल्या हूं.”

पुढच्या तारखेला आम्ही रजा टाकून सोबत गेलो. तिथल्या समन्वयक बाईंना खरे काय ते सांगितले. त्या घाबरल्या, मग एक खोली उघडून दिली. डॉक्टर आले. अठरा पाने आम्ही एकेक करून चाचांच्या बोलीत सांगितली, अडले तिथे डॉक्टरांनी समजावले. दीड तास लागला. चाचांनी सात-आठ प्रश्न विचारले. त्यांतला एक असा होता की डॉक्टरांनाही लगेच उत्तर सुचले नाही. “ये सब होने के बाद, मेरेकू कौनसी गोली थी और दवा से फायदा हुआ क्या नै, ये मेरेकू कौन आके बोलेगा?” बाईंनी ते एका चिठ्ठीवर लिहून घेतले आणि फाइलला टाचले. चाचांनी भावाची आठवण काढली. म्हणाले, खाली निघाली तरी हरकत नाही, रांगेत मागे कुणीतरी असेलच. मग पुन्हा सही केली. या वेळी आम्ही ऐकलेल्याखाली सही केली.

जुने पान फाडून टाकावे, असे आम्ही सुचवले. बाई म्हणाल्या, तसे करता येत नाही. चुकलेल्या मजकुरावर एकच रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि बाजूला तारीख घालायची. आम्ही रेघ मारली. आमचे नाव तिच्याखाली नीट वाचता येत होते. त्यानंतरची तारीख ऐन रमजानात येत होती. ती ईदनंतरची करून घेतली आणि चाचांना घेऊन एसटी स्टँडकडे निघालो.